कढीपत्त्याचं दुपटं

नातीच्या बारशाचं दुपटं मी स्वतः छापणार, असं मी जाहीर केलं तेव्हा छापतात कसं हे मला माहीत नव्हतं. नोकरीत असताना अशा घोषणा करणाऱ्या साहेबांना मी मनातल्या मनात हसायची. निवृत्त झाल्यावर घरात ती जागा रिकामी दिसली, मीच भरली.

व्हिडिओ पाहून कळलं की याला मोनोप्रिंट म्हणतात. गुळगुळीत प्लास्टिकवर रंग पसरायचा, त्यावर पानं मांडायची, वरून कापड दाबायचं. ठसा नीट असा एकदाच उठतो. प्लास्टिक म्हणून माझ्या गुडघ्याचा जुना एक्स-रे घेतला. रंग शाळकरी मुलं नेतात तो अ‍ॅक्रिलिक, पानं फ्रिजमधल्या कढीपत्त्याची. कापड मात्र खास होतं: धुऊन धुऊन सायीसारखी झालेली माझी सुती साडी. तान्ह्या बाळाला मऊ काही हवं म्हणूनच ती जपली होती.

पहिला ठसा गर्द हिरवा उठला, मधे पानांचे कोरे आकार. मी इतकी खूश झाले की कोपऱ्यात सही केली. एक्स-रेवर थोडा रंग उरला होता. तो वाया जाऊ नये म्हणून पानं उचलून साडीचा दुसरा तुकडा त्यावर दाबला. त्यावर फिकट काहीतरी आलं. तो हात पुसायला ठेवला.

रंग वाळल्यावर सही दाखवायला शेजारच्या अक्कांना बोलावलं. त्यांचं मराठी घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. त्यांनी कापड हातात घेतलं.

"चित्र बरं आलंय हो. पण स्वल्प हप्पळ झालंय."

हप्पळ म्हणजे पापड. मी अर्थ विचारायच्या आत अक्कांनी कापड जमिनीवर उभं केलं. ते उभं राहिलं.

आतल्या खोलीतून माझी बाळंतीण लेक आली. "आई, बाळाला फोडणी द्यायचीय का?" मग कापडाला हात लावून तिचा सूर बदलला. "टोचेल गं तिला हे."

"धुतलं की मऊ होईल."

धुतलं. स्वच्छ पापड झाला. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, आणि नातीच्या अंगावर माझ्या हातचं काही असावं ही हौस आता माझ्याच हातानं कडक झाली होती.

"हे काय?" लेकीनं पुसायचा तुकडा उचलला होता.

"तो उरलेला रंग आहे."

"असू दे. पातळ बसलाय, म्हणून मऊ राहिलाय. आणि शिरा बघ ना पानांच्या!"

खरंच, पानाची शीर न्‌ शीर उठली होती. मी चष्मा लावून सही बघत बसले होते, या शिरा पाहिल्याच नव्हत्या. लेकीच्या सांगण्यावरून आतून साडीचा कोरा थर शिवला आणि रंग बाहेर ठेवला.

बारशाला एका पाहुणीनं विचारलं, "कसला डाग हो हा?"

ठसा एकदाच का उठतो, यावर माझं भाषण तयार होतं. मी सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला नात दुपट्यात गाढ झोपली. माझ्या भाषणात कोणी झोपलं आणि मला बरं वाटलं, असं पहिल्यांदाच घडलं.