तीनदा चुकलेला नंबर

मी साड्या दाखवणाऱ्या कुंतीकडे बोट दाखवलं आणि दुकानाच्या मालकाला म्हटलं, “इसीने पूछा मेरा नंबर. इसीने दबाया.” साड्या पाहणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. ते खोटं होतं.

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नाही, बाहेरही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमच्यासोबत मला रोज जेवायला बसायचं नाही.

मी चौथी शिकलेली. लग्न होऊन विदर्भातून रायपूरला आले, नवरा रेल्वेत होता. हातात चार पैसे हवे असले की आधी सासऱ्यांना विचारायचं, मग नवऱ्याला, मग मुलाला. शेवटी मुलानंच माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड काढून दिलं. वस्तू घ्यायची, मशीनमधून कागद निघायचा, दुकानातला भैया पेन पुढे करायचा, आणि मी सही करायची — ‘कमल’, खाली एक रेघ. ती रेघ मी मोठ्या झोकात ओढायची. कार्डामागच्या सहीशी ती कुणी ताडून पाहिली का? एकदाही नाही. पण मला वाटायचं, माझ्या अक्षराला किंमत आहे.

मग सही गेली आणि चार आकड्यांचा पिन आला. माझी सून स्वाती सरकारी कचेरीत आहे. तिनं तो माझ्याकडून पाठ करून घेतला. मी पाठ केला माझ्या रीतीनं — त्रेसष्ट, सत्तेचाळीस. आता बदलला आहे, लिहून घेऊ नका. स्वाती म्हणाली, “आई, नंबर विसरल्या तर कार्ड मी ठेवून घेईन. मजाक नाही करून राहिली मी.”

आणि विसरल्यावर पुढे काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. सासू विसरायला लागली तेव्हा तिच्या कमरेच्या किल्ल्या मीच काढून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून भाजी कोणती करू, एवढंसुद्धा तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. ही सबब नव्हे. भीती कसली होती, तेवढं सांगते.

तर रायपूरच्या बूढापारा भागातलं ते साडीचं दुकान. तेव्हा सगळीकडे एकच तऱ्हा होती — गल्ल्यावरचा माणूस म्हणायचा, “माताजी, नंबर बोलो,” आणि माताजी बोलायच्या, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा; दाबायचा तोच. त्यावरून कधीतरी भांडण झालं असावं. मालकानं भिंतीवर ‘नंबर कुणाला सांगू नका’ अशी पाटी लावली आणि नोकरांना ताकीद दिली, गिऱ्हाइकांच्या देखत — जो नंबर विचारेल तो त्याच दिवशी घरी जाईल. मी ती ऐकली होती. पाटीही वाचली होती. तेवढं वाचता येतं मला.

कुंती पलीकडच्या गुढियारी वस्तीतली, विशीतली पोट्टी. कामाला लागून महिनाही झाला नव्हता. पण तिच्यासारखी साडी दाखवणारी मी दुसरी पाहिली नाही. मालक दोन हातांवर बसलेला, तरी म्हणाली, “अम्मा, ये मत लो, इसका रंग जाएगा.” असं कोण बोलतं? मी दुसरी निवडली, आणि सवयीनं तिला नंबर सांगू लागले. तिनं हात आडवा केला. “मुझे मत बताओ अम्मा. आप दबाओ.” मशीन माझ्याकडे सरकवलं आणि माझ्याकडे पाठ फिरवून कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. माझं काही माझंच आहे, असं समजून वागलेली ती पहिली.

मी दाबला. चुकला. पुन्हा दाबला. चुकला. तिसऱ्यांदा मशीननं कार्डच बंद केलं. पलीकडे ब्लाउजपीस पाहत असलेली स्वाती वळली. “काय झालं आई?” मी तिच्या तोंडाकडे पाहिलं — आणि कुंतीचं नाव घेतलं.

कुंती एकदाच बोलली. “मैंने नहीं पूछा, भैया.” सरळ आवाजात. रडली नाही, शपथ घेतली नाही. अम्मा विसरली, एवढं तर ती म्हणू शकत होती ना? मशीन तीनदा ओरडलेलं तिनं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वातीकडे पाहिलं, आणि गप्प राहिली. काहून? मला पाहून दया आली असेल का? की माझ्यासारखीशी बोलण्यात अर्थ नाही, हे तिला कळलं? मालकानं तिला जायला सांगितलं. तरी आधी तिनं माझ्यासाठी उलगडलेली साडी काठाला काठ जुळवून घडी केली, खोक्यात ठेवली. मग आपली पिशवी घेतली आणि चपला घालून निघाली. मान ताठ. पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली मी, मोठ्या हुद्द्यांवरची. तसं चालताना कुणी दिसलं नाही.

घरी येऊन कळलं, मी नंबर विसरलेच नव्हते. सत्तेचाळीस म्हणताना तोंडात सात आधी येतो, आकड्यात मात्र चार. बोटानंही सातच आधी दाबला. त्रेसष्टचं तेच, सहाच्या आधी तीन. तीनदा. मला काहीच झालं नव्हतं, डोकं शाबूत होतं. दुकान अजून तीन तास तरी उघडं राहणार होतं, आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी कुकर लावला.

स्वातीनं नवीन कार्ड मागवून दिलं. “तुमची काय चूक आई,” म्हणाली. आता पाहुण्यांना कौतुकानं सांगते, या वयात आमच्या आई स्वतः मशीन चालवतात. मी ऐकून घेते. गुढियारी रिक्षानं पंधरा मिनिटं आहे. मी एकदाही गेले नाही.

जे व्हायचं ते कुंतीचं झालं. मला काहीही झालं नाही.