बोरगावला न पोचलेला निकाल

आमच्या डॉक्टरसाहेबांनी बोरगावच्या सुखदेव काकांना फसवलं. तेही माझा शब्द वापरून.

मी पांढुर्ण्याची. वडिलांसोबत संत्र्याच्या बागांचे सौदे करत शिकले, भांडून-तंडून इथवर आले. नागपूरच्या एका हॉस्पिटलात रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. आयसीयूतल्या पेशंटच्या घरच्यांना डॉक्टरांचा संशोधनाचा अभ्यास समजावून सांगायचा आणि त्यांची संमती घ्यायची, हे माझं काम.

त्या वेळचा प्रश्न असा होता. व्हेंटिलेटर म्हणजे श्वास देणारं मशीन. त्याच्या नळीचा त्रास होऊ नये म्हणून पेशंटला झोपेचं औषध देतात. ती झोप गाढ असावी, की हाक मारली तर डोळे उघडतील इतकी हलकी? हल्ली कल हलक्या झोपेकडे आहे. पण आमच्याकडे येतात तशा पेशंटना काय मानवतं, हे पक्कं ठाऊक नव्हतं. म्हणून कोण कुठल्या गटात, हे कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचा.

काकांची बायको कौसल्याबाई न्यूमोनियानं मशीनवर होती.

"ह्यात आमचा काय फायदा?" काकांनी विचारलं.

"कदाचित काहीच नाही. पुढच्यांचा होईल."

"अन् नाई म्हटलं तर?"

"तरी इलाज चालूच राहील."

ते हसले. "सौदेवाल्याची पोर दिसून राहिली तू. पाह्य, बाग विकली तरी तोडणीले मालकाले बोलावतात. माल कसा निघाला, त्याले दिसलं पाह्यजे. तसं आमाले बोलवसान का?"

मी आत जाऊन साहेबांना विचारलं, "सर, निकाल लागला की घरच्यांना सांगायचा ना?"

"ऑफ कोर्स."

मी बाहेर येऊन शब्द दिला. काकांनी सही केली.

कौसल्याबाई गाढ झोपेच्या गटात गेल्या. दुपारी पडद्यातून पिवळसर उजेड त्यांच्या पायांवर उतरायचा. मशीन श्वास घ्यायचं, सोडायचं. तो आवाज ऐकत बसलं की आपणही कुठेतरी पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. भेटीच्या वेळी काका त्यांच्या कानाशी बागेतलं बोलत राहायचे. कुठल्या झाडाला फूल आलं, वास कुठवर येतो. एकदा त्यांच्या पापण्यांखाली बुबुळं हलली.

"सपन पाहून राहिली हो," काका मला हळूच म्हणाले. "बगीच्यात फिरत असन. उठवू नको."

मलाही क्षणभर फुलांचा वास आला. आयसीयूत, स्पिरिटच्या वासात.

त्या उठल्याच नाहीत. जिन्याजवळ काकांनी मला थांबवलं.

"हलकी झोप असती, तं वाचली असती का, पोरी?"

"आत्ता कुणालाच माहीत नाही, काका. कळलं की सांगीन."

त्यानंतर अधूनमधून त्यांचा फोन यायचा. "झाली का तोडणी?" मी म्हणायचे, अजून नाही.

मग निकाल लागला. साहेबांनी मोठ्या कॉन्फरन्समध्ये तो मांडला, टाळ्या घेतल्या. मी केबिनमध्ये गेले.

"सर, घरच्यांना कधी बोलवायचं?"

"पेपर ऑनलाइन आहे की."

"इंग्रजीत आहे. बोरगावला कोण वाचणार?"

"प्रोटोकॉलमध्ये तशी प्रोव्हिजन नाही."

"मग ऑफ कोर्स कशाला म्हणालात?"

"आवाज खाली. दुसऱ्या गटात असता तर वाचला असता का, हे एकेका पेशंटबद्दल सांगताही येत नाही."

"मग तेवढंच सांगा ना! नक्की सांगता येत नाही, हे तरी समोर बसून सांगा. सगळ्यांना नको. मराठीतलं एक पान द्या, एक फेरी मारा. गाडी मी करते."

"तू परस्पर काही बोलायचं नाहीस. लीगल प्रॉब्लेम होतो."

ते एक पानही मिळालं नाही. दुसऱ्याच्या तोंडच्या होकारावर आपला शब्द देऊ नये, एवढं मी शिकले. आता काकांचा फोन आला की मी नुसती वाजणारी रिंग ऐकते.

साहेब, त्या माणसाला वाटतंय की आपल्याच सहीनं बायको गेली. ते खरं की खोटं, की सांगता येत नाही, हे तुम्ही त्याला सांगायचं आहे. मी नाही. कधी जाताय?