निकाल दोघांसमोर वाचायचा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुसदच्या अपील कोर्टाच्या व्हरांड्यात, बळीरामच्या प्रकरणाचा पुकारा व्हायची वाट पाहत उभी होते. मामी दोनच वाक्यं बोलल्या. तेवढ्यात पुकारा झाला. मी आत गेले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "अपील करणाऱ्याचे वकील आज सकाळी वारले." ते शब्द मी पहिल्यांदा उच्चारले ते कोर्टात. रडू पुढची तारीख घेऊन बाहेर आल्यावर आलं...

मामांनी उमरखेडला आयुष्यभर दिवाणी वकिली केली. नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आणि चारचौघांत तोंड न उघडणारी मी, पदवीनंतर त्यांच्या हाताखाली आले. वरच्या कोर्टांचे नवे निकाल वाचायचे आणि पक्षकाराला मराठीत सांगायचे, हे माझं काम. मी सांगू लागले की समोरचा माणूस हळूच मामांकडे बघे. "बेटा," मामा म्हणायचे, "तू इंग्रजीत वकील आहे अन् मराठीत जीआर. निकाल दिल्लीत लागतो, पण धुरा-बांध याच्या वावरातला सरकतो. त्याला कळेल असं सांग." त्यांचा एक रिवाज होता. तडजोड करायची तर दोन्ही पक्षांनी त्यांच्या खोलीत समोरासमोर बसायचं, आणि त्या विषयावरचा ताजा निकाल, आपल्या पक्षकाराच्या विरुद्ध असला तरी, आधी वाचायचा. वकीलपत्र घेतानाच ते हे सांगून टाकत. काही जण तिथूनच उठून जात.

बळीराम गेला नव्हता. तो जवळच्या तांड्यावरचा शेतकरी. त्याच्या बहिणीनं, शांताबाईनं, वडिलांच्या शेतात हिस्सा मागितला होता. वडील, मुलीला मुलाएवढा हक्क देणारा कायदा येण्याआधीच वारलेले, म्हणून खालच्या कोर्टानं तेव्हाच्या समजुतीप्रमाणे तिला चार आणे, म्हणजे पाव हिस्सा दिला. बळीरामला तेवढाही द्यायचा नव्हता, त्यानं अपील केलं. अपील पडून असतानाच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की मुलीचा हक्क जन्मानं येतो, वडील केव्हा वारले ते बघायचं नाही. चाराचे आठ होणार होते. शांताबाईला याचा पत्ता नव्हता, कारण तिचे म्हातारे वकील काम सोडून मुलाकडे राहायला गेले होते. बळीरामला मात्र कुणीतरी सल्ला दिला, की लोकअदालतीत चार आण्यांवर उरकून टाक, तिथल्या तडजोडीवर अपील होत नाही.

"साहेब, शांता तयार हाय. अंगठा देतो म्हन्ते. तुमी काहून फाटे फोडून राह्यले?"

"तयार आहे, कारण तिला माहीत नाही. आण तिला इथं. ही पोरगी निकाल वाचेल, मग देऊ दे अंगठा."

"मंग आठ आने मांगीन ना!"

"मागेल."

"तुमी वकील माहे हाय का तिचे?"

"तुझाच आहे. दुसरा वकील करायचा तर फाईल घेऊन जा, मी अडवत नाही. पण माझ्या खोलीत न वाचता अंगठा होणार नाही."

बळीराम पाय आपटत निघून गेला. मी मामांना विचारलं, आपणच शांताबाईला सांगितलं तर? "नाही," ते म्हणाले. "आपण त्याचे वकील. तिच्या दारात जायचा आपल्याला अधिकार नाही." हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता. रिवाज पाळूनही ती बाई दुसऱ्या कुठल्या तरी टेबलावर अंगठा देऊन मोकळी होऊ शकत होती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढे छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात असतानाही ते मला एवढंच विचारायचे, "फाईल नेली का त्यानं?" मी नाही म्हटलं की डोळे मिटून पडून राहायचे...

तेरवीनंतर बळीराम ऑफिसात आला. फाईल न्यायला आला असं धरून मी ती आधीच काढून ठेवली. पण त्याच्या मागून, डोक्यावरचा पदर सावरत, शांताबाई आत आली.

"वाचा, बाई," तो म्हणाला.

मी निकाल उघडला आणि मग बंदच केला. म्हटलं, "बापाच्या शेतात पोराएवढाच पोरीचा हिस्सा. लग्न झालं असलं तरी. बाप केव्हाही वारला असला तरी."

"म्हंजे आठ आने?"

"हो."

ती भावाकडे वळली. "तुले ठाव होतं?"

"म्हनून त आनलं तुले. साहेब असते त भांडलो असतो. आता कोनासंगं भांडू?"

तांड्यावर वाटणीची एक रीत आहे. एकानं रेघ मारायची, दुसऱ्यानं आपला वाटा आधी उचलायचा. मी शेताचा नकाशा पसरला. बळीरामनं पेनानं मधोमध रेघ मारली. शांताबाईनं बराच वेळ नकाशा न्याहाळला आणि विहिरीच्या बाजूवर बोट ठेवलं. विहीर तिच्याकडे गेली तसं बळीरामनं विचारलं,

"पानी त देशीन का व मले?"

"पाहू. पयले बाईले लिहू दे."

मी लिहायला घेतलं. लिहून झालं की तेही दोघांसमोर वाचायचं होतं.