भागूचे अडकलेले मेल

सोपानचं डोकं तापायला कारण लागत नसे. पिंपळवंडीत कुणी म्हशीला पाणी पाजताना हटकलं तरी तो भांडायला उभा. त्यातून गडी शिकलेला, एम.फिल.पर्यंत, म्हणजे भांडणाला इंग्रजीचीही जोड. जुन्नरजवळच्या एका कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा. पोरं त्याला टरकून असत आणि बरोबरीचे मास्तर स्टाफरूममध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी सोडत.

त्याच्या चिडचिडीला एक खरं कारण होतं, ते मात्र कबूल केलं पाहिजे. त्याचा विषय होता प्लाझ्मा. प्लाझ्मा म्हणजे काय असं कुणी विचारलंच, तर तो डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे बोट दाखवी. "वायू इतका चेतवायचा की त्यातनं वीज धावायला लागते. त्या नळीत उजळतोय ना, तोच." ऐकणारा वर बघून म्हणायचा, "हां, चोक बदलायला झालाय वाटतं." झालं! अख्खा तालुका पालथा घातला तरी त्याच्याशी या विषयावर दोन वाक्यं बोलेल असा माणूस सापडला नसता.

खोटं कशाला बोला, एक होता. भागू. कागदावर भागवत, सोपानचा सख्खा चुलत भाऊ. एका अंगणात वाढलेले, पुण्याला एका खोलीत राहिलेले, एकाच सरांच्या हाताखाली प्लाझ्मा शिकलेले. भागू पुढं गुजरातेत मोठ्या संस्थेत लागला, सोपान पीएच.डी. अर्धवट टाकून घरी परत आला. पण त्या दोघांचा अबोला होता. अबोला म्हणजे साधा रुसवा नव्हे राव, भावकीतला अबोला! सामायिक विहिरीवरच्या मोटरची वायर कुणीतरी तोडली, सोपानच्या बापाचा, कुशाबाचा, कांदा उभा वाळला, आणि त्यानं सख्ख्या धाकट्या भावावर, भागूच्या बापावर, कुऱ्हाड उगारली. वायर कुणी तोडली ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. कुशाबानं मात्र अंगणात उभं राहून सांगितलं, "त्या घराशी जो बोलंल, त्यानं माझ्या मढ्याला खांदा द्यायचा न्हाई." पुढं कुशाबा गेला आणि सोपाननं खांदा दिला. खांदा दिला म्हणजे शब्द कबूल केला. तिथं विषय संपला.

दोन्ही घरांची दारं अजून एकाच अंगणात उघडत. मधे ना भिंत ना कुंपण. दोन्हीकडं बोलायची मुभा होती ती एकट्या चिमाबाईला. ही दोघांची आत्या, कुशाबाची बहीण. नवरा गेल्यावर मढ गावच्या सासरहून माहेरी आलेली. एक महिना या घरी जेवायची, एक महिना त्या घरी. पाण्याची पाळी असो की लग्नाचं आवतण, सगळे निरोप तिच्या तोंडून जात. हा ओसरीवरून म्हणायचा, "आत्या, त्यांना सांग." तो दहा पावलांवर बसून सगळं ऐकायचा, तरी आत्या उठून तिकडं जाऊन सांगेपर्यंत मान वर करायचा नाही. वरून आत्या निरोप निवडून न्यायची. शिव्या तेवढ्या गाळायची.

सोपानची बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "सरळ बोला की! तोंड झिजतंय का?" सोपाननं त्या दिवशी ताट भिरकावलं होतं.

दोन हजार एक साली नारायणगावात पारसमलच्या कापडदुकानाच्या माडीवर त्याच्या पोरानं, संयमनं, इंटरनेटची केबिनं टाकली. तिथं सोपाननं प्लाझ्मावर काम करणाऱ्यांसाठी एक ईमेल ग्रुप काढला. एकानं पाठवलेला मेल सगळ्यांना पोचतो, असा. पण सोपाननं पहिल्या दिवशीच अट घातली: कुठलाही मेल आधी माझ्याकडं येईल, मी वाचेन, मंजूर करेन, मगच पुढं जाईल. मॉडरेटर मीच. वायफळ नको, भांडण नको, फक्त प्लाझ्मा. स्वतः भांडकुदळ माणूस, पण नियम असे कडक की बघत राहावं!

आणि ग्रुप चालला की! आधी पुणे, मग बंगळूर, कोलकाता, पुढं परदेशातले दोघे-तिघे. माणसं प्रश्न विचारायची, उत्तरं द्यायची, सोपानला 'डिअर मॉडरेटर' म्हणायची. कॉलेज सुटलं की तो एसटीनं नारायणगाव गाठी, टोमॅटोच्या क्रेटांच्या गाड्यांमधून वाट काढत माडी चढे आणि केबिनमध्ये बसून एकेक मेल सोडी. वीज गेली की खाली पारसमलच्या गादीवर बसून वाट बघे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा शब्द कुठंतरी चालत होता, आणि त्याला ते फार म्हणजे फार आवडलं होतं.

एके दिवशी तिथं भागूचा मेल आला.

सोपाननं नाव वाचलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रुपमध्ये शिरायला कुणालाही मुभा होती, तसा हाही शिरला होता. आता मंजूर करावा, तर बापाचा शब्द आपल्या हातानं मोडल्यासारखं. नामंजूर करावा, तर तसं केल्याबरोबर पाठवणाऱ्याला मॉडरेटरचा निरोप जायचा, यंत्राची रीतच तशी. निरोप धाडणं म्हणजे बोलणं! आणि उघडून वाचावा, तर ऐकून घेणं हेही अर्धं बोलणंच. सोपाननं तिन्हीतलं काहीच केलं नाही. मेल तसाच लटकत ठेवला. काही दिवसांनी यंत्रानं तो आपोआप काढून टाकला.

भागूनं पुन्हा पाठवला. पुन्हा लटकला. पुढं हे चालूच राहिलं.

संयम एकदा म्हणाला, "सर, हे एकच नाव सारखं अडकलेलं दिसतंय. घ्या ना मंजूर करून, नाहीतर उडवा तरी."

"तुझं काम तासाचे पैसे घ्यायचं. ते घे आणि गप बस," सोपान म्हणाला. संयमनं त्यानंतर पुन्हा कधी सोपानला खुर्ची पुसून दिली नाही.

याच सुमारास सोपाननं आपल्या कामाचा लेख ग्रुपवर टाकला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत आर्गॉन वायू भरून त्यानं प्लाझ्मा पेटवला होता आणि त्याची मापं घेतली होती. खेड्यातल्या कॉलेजात हे झालंय म्हणताना लोकांना कौतुक वाटलं. कोलकात्याच्या एका बाईंनी सुचवलं, आपण सगळे कधी भेटलोच नाही, पहिली सभा मॉडरेटरांच्या कॉलेजातच का नको? प्राचार्य हो म्हणाले. मोठी मोठी माणसं यायचं ठरलं. सभेत सोपान आपलं काम मांडणार होता आणि ते पसंत पडलं तर कोलकात्याच्या बाई त्याला पीएच.डी.साठी हाताखाली घेणार होत्या. अर्धवट सुटलेली ती पदवी सोपानच्या काळजात काट्यागत रुतून होती. सगळं त्या एका दिवसावर होतं.

डिसेंबरात भागू रजा काढून घरी आला. आल्या आल्या अंगणात उभा राहून ओरडला, "आत्या! त्या दीडशहाण्या मॉडरेटरला सांग, माझे मेल काय चुलीत घालतो का?"

आत्या लसूण सोलत होती. तिनं टोपली खाली ठेवली, अंगण ओलांडलं आणि सोपानला म्हणाली, "भागू इचारतो, त्याची पत्रं पोचली का."

"सांग त्याला, मी त्याच्या बापाचा नोकर नाही!"

आत्या परत गेली. "सवड न्हाई म्हनतो."

"सवड नाही? मग एवढं सांग. दाब मोजायचं मीटर हवेवर बेतलेलं आहे आणि याने नळीत भरलाय आर्गॉन. आर्गॉनमध्ये ते मीटर खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. याचे सगळे आकडे चुकलेत. गुणून दुरुस्त करता येतात, कसे ते मी लिहून लिहून दमलो. पाहुण्यांपुढं नाक कापलं जाईल म्हणावं. आणि घराण्याचं जाईल, त्याच्या एकट्याचं नाही!"

आत्याला मीटर कळलं, आर्गॉन कळलं नाही, पण तिनं होईल तेवढं पोचतं केलं. "आरं, तुजं माप चुकलंय म्हनतो. हवेचं मीटर दुसऱ्या वायूला लावलंस म्हनं. दुरुस्त हुतंय म्हनतो. पाव्हन्यांम्होरं शोभा नको."

सोपाननं ते आत्याच्या आधीच, भागूच्या तोंडून ऐकलं होतं. मीटर दुसऱ्या कॉलेजातून मागून आणलेलं, त्याचं माहितीपुस्तक त्यानं कधी उघडलं नव्हतं. आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत भागू मापाला कधी चुकला नव्हता. एका दुपारीत तपासता आलं असतं. पण तपासून भागू खरा निघाला तर? मग उभा जन्म त्याचं ऋण! त्यापेक्षा तो खोटाच असलेला बरा.

"जळतोय तो," सोपान ओरडला. "सांग त्याला, सभेत पाय ठेवला तर तंगडं मोडून हातात देईन!"

"नगं येऊ म्हनतो," आत्यानं तिकडं सांगितलं.

सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, तो दोघांचाही नाही. भागू सभेला आला. आत्यालाही घेऊन आला. शेवटच्या बाकावर दोघं बसले.

पाहुणे सकाळी ओझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन आलेले, प्रसन्न होते. सभा चालवायची सोपाननंच. ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा, सोपाननं नाव घ्यायचं, मग त्यानं बोलायचं. ग्रुपचीच रीत. दुपारी त्यानं आपलं काम मांडलं, आणि छान मांडलं. कोलकात्याच्या बाई मान डोलावत होत्या. मग त्यांनी हात वर केला.

"दाब मोजायला मीटर कुठलं वापरलंत? आणि ते कुठल्या वायूसाठी बेतलेलं होतं?"

सोपाननं हातातले कागद चाळले. "ते... बघावं लागेल."

"आर्गॉनसाठी आकडे दुरुस्त केलेत का? केले नसतील तर हे सगळं अवघड आहे. पण दुरुस्त करून कदाचित वाचेलही. इथं कुणी सांगू शकेल?"

शेवटच्या बाकावरून भागूनं हात वर केला.

त्याच्याजवळ उत्तर होतं. सोपानला ते पक्कं ठाऊक होतं. फक्त नाव घ्यायचं. 'भागवतराव, बोला.' एवढंच. सगळा हॉल सोपानकडं बघत होता, प्राचार्य बघत होते, बाई बघत होत्या. सोपानच्या तोंडाशी नाव आलं आणि त्याला अंगणात कुऱ्हाड घेऊन उभा असलेला बाप दिसला. आणखी कुणाचा हात दिसतो का म्हणून त्यानं सगळा हॉल न्याहाळला. दुसरा हात नव्हता.

"वेळ झाली," तो म्हणाला. "चहा घेऊया."

भागूचा हात वरच होता. माणसं उठायला लागली तरी वरच होता. मग आत्यानंच तो धरून खाली घेतला.

चहाला कुणी सोपानजवळ फिरकलं नाही. कोलकात्याच्या बाईंनी जाताना नमस्कार तेवढा केला, पीएच.डी.चं नावही काढलं नाही. संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या गेल्या, आणि ग्रुपवर पुढं कुणी फारसं लिहिलं नाही. मंजूर करायला मेलच उरले नाहीत.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी सोपान घरी आला तेव्हा त्याच्या घरची पाळी असूनही आत्या जेवायला बसलेली नव्हती. ती अंगणाच्या मधोमध बसली होती.

"त्यानं हात वर केला व्हता," ती म्हणाली. "शाळंतलं शेंबडं पोर बी हात वर करतं, तवा मास्तर त्याला इचारतो. तुजं प्लाजमा मला कळत न्हाई. हात कळतो." ती उठून उभी राहिली. "शब्द माज्या भावाचा व्हता. त्याच्या शब्दापायी मी तुमच्या शिव्या गाळत आले. आता माज्याच्यानं हुनार न्हाई. तुजा निरोप मी नेनार न्हाई, त्याचा आननार न्हाई. आन् तुज्याशी बी बोलनार न्हाई."

"आत्या..."

तिनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागू निघाला. ओसरीवर त्याची बॅग भरून ठेवलेली होती. सोपान रात्रभर आकड्यांशी झटला होता. मीटर हवेचंच असल्याचं माहितीपुस्तकात निघालं, पण आर्गॉनला कितीनं गुणायचं ते त्यात नव्हतं आणि त्याला काही केल्या जमत नव्हतं. एक आकडा मिळाला असता तर बाईंना लिहून कळवता आलं असतं, कदाचित पदरात काही पडलंही असतं. तो ओसरीच्या कडेला आला. भागू समोरच बुटांच्या नाड्या बांधत होता. आत्या मधे बसून लसूण सोलत होती.

"आत्या," सोपान म्हणाला. "त्याला सांग, कितीनं गुणायचं तेवढं सांग म्हणावं."

आत्याची मान वर झाली नाही.

"आत्या, सांग ना गं त्याला!"

नाडी बांधता बांधता भागूचे हात थांबले. त्यानं ऐकलं होतं. तो आत्याकडं बघत राहिला, आता उठेल, आता सांगेल. सोपानही तिच्याकडंच बघत राहिला. आत्या एकेक पाकळी सोलून टोपलीत टाकत होती.

मग भागूनं बॅग उचलली. "येतो गं आत्या," एवढंच म्हणाला, आणि सोपानसमोरून एसटीच्या रस्त्याला लागला.