कुमुदने घेतलेलं नाव

"पण मी वाईट काय बोलले तुमच्याबद्दल? कौतुकच केलं ना!" कुमुद पुन्हा तेच म्हणाली.

"कौतुक?" पद्माकरनी धड ऐकू येणारा उजवा कान तिच्याकडे वळवला. "मग श्रीनिवासनं भर दुकानात मला विचारलं, 'काय चीफ, आज किती लाटल्या?' तेही कौतुकच असेल. आजूबाजूला आपल्या मराठी मंडळाची माणसं उभी होती. सगळी हसली. मी पिठाची पिशवी उचललेली, ती तशीच खाली ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी आलो."

"त्याला थट्टेची सवयच आहे."

"त्याला कुणी सांगितलं? सुचित्रानं. सुचित्राला कुणी सांगितलं? माझ्या बायकोनं. तेही यमक जुळवून!"

सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या ईशाने पुस्तकातून डोकं वर काढलं. "सो व्हॉट, पप्पा? माझ्या वर्गातल्या मिन यीचे डॅडी पण कुक करतात. नॉर्मल लाह," ती सिंगापुरी हेल काढून म्हणाली.

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

भांडण होतं एका उखाण्यावरून. संक्रांतीचं हळदीकुंकू सुचित्राच्या बड्या सोसायटीतल्या कॉन्डोत होतं. सुचित्राचा नवरा श्रीनिवास बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मंडळाचा अध्यक्ष. त्यामुळे पुण्यामुंबईच्या झाडून सगळ्या बायका तिथे जमल्या होत्या. कुमुदची नाव घ्यायची पाळी आली तशी बाकीच्या सावरून बसल्या. सिंगापूरला आल्यापासून कुमुदची ओळख होती ती एवढीच. ती दिसायला चारचौघींसारखी, इंग्रजी बेताचं, साड्या जुन्या. पण उखाणा करावा तो तिनेच. कुणाचं डोहाळजेवण असो, कुणाच्या घराची वास्तुशांत असो, आदल्या दिवशी फोन यायचाच. "कुमुद, माझ्यासाठी एक करून दे ना, त्यात मुलाचं नाव पण आलं पाहिजे." ऑफिसातून परतताना एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या ती यमकं जुळवायची. कुठल्याही खोलीत शिरताना तिला वाटायचं, आपल्याकडे बघण्यासारखं काही नाही, ऐकण्यासारखं मात्र आहे.

त्या दिवशी तिने नाव घेतलं:

"इंजिनरूम सोडून स्वयंपाकघरात उतरली स्वारी,
पद्माकररावांच्या हातची पोळी माझ्याहून न्यारी."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सुचित्राने विचारलं, "म्हणजे? पोळ्या चीफ करतात? खरंच?" कुमुदने मान हलवली आणि खोली हसण्याने भरून गेली.

खरं तर होतंच. पद्माकरनी उभी हयात मालवाहू बोटींवर काढली होती, शेवटी चीफ इंजिनिअर म्हणून. इंजिनच्या धडधडाटाने डावा कान गेला आणि वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यावर कंपनीने त्यांना किनाऱ्यावर उतरवलं. तुआसच्या कारखान्यांत त्यांनी खेटे घातले. प्रत्येक ठिकाणी त्यांच्याहून तरुण आणि दोन्ही कानांनी ऐकणारा कुणीतरी आधीच बसलेला. मग कुमुदने एका कंटेनर कंपनीत नोकरी धरली आणि यिशुनच्या सरकारी फ्लॅटमध्ये दिवसा पद्माकर एकटे उरले. पहिले काही महिने त्यांनी नुसती वर्तमानपत्रं वाचली. मग एके दिवशी ती घरी आली तर ओट्यावर पोळ्यांची चळत होती, फडक्यात गुंडाळलेली. तिने काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

पाहुणे आले की मात्र एक रीत ठरून गेली होती. दाराची बेल वाजली की पद्माकर हात धुऊन बाहेर येऊन बसायचे आणि कुमुद पदर खोचून आत जायची. जेवताना कुणीतरी म्हणायचंच, "कुमुद, पोळ्या काय मऊ गं तुझ्या!" आणि ती म्हणायची, "छे, आज जरा बिघडल्याच." पद्माकर खाली बघून जेवत राहायचे.

ती रीत कुमुदने एका बैठकीत मोडली होती.

"तुम्हाला वाटतं, मला हौस होती सांगायची?" ती आता म्हणाली. "गेल्या आठवड्यात दार उघडं होतं म्हणून नीता चाळणी परत द्यायला सरळ आत आली. तुम्ही पोळपाटाशी उभे होता. तिने बघितलं. आज ना उद्या सगळ्यांना कळणारच होतं. लोकांनी पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा मी तोंडावर हसत सांगितलं, एवढंच."

"नीतानं सांगितलं होतं कुणाला?"

"सांगितलंच असणार."

"विचारलंस तिला?"

पद्माकर उठून खिडकीपाशी गेले. "बोटीच्या एजंटचा परत फोन आला होता. इंडोनेशियात पालेमबांगला बार्ज ओढून नेणारा टग आहे, छोटी बोट, त्यांना सेकंड इंजिनिअर पाहिजे. कान तपासणार नाहीत म्हणाला. दिवाळीत मी त्याला नाही म्हटलं होतं. या वेळी नाही म्हटलेलं नाही."

"सेकंड? तुम्ही चीफ होता!"

"आता पोळ्यांचा चीफ आहे."

कुमुदने पायात चपला सरकवल्या आणि ती लिफ्टकडे निघाली. नीता शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहायची. तिच्या तोंडून एकदा कबूल करून घ्यायचं, की हो, मी बोलले होते. मग घरी येऊन सांगता येईल, बघा, मी म्हणत नव्हते?

नीता खालीच भेटली. बाजारातून आली होती, ब्लॉकखालच्या दगडी टेबलावर पिशव्या टेकवून दम खात होती. कुमुदने आडवळण घेतलं नाही.

"नीता, यांना पोळ्या करताना पाहिल्याचं तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"मी?" नीता बघतच राहिली. "कुणालाच नाही गं. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. मला वाटलं, तुमच्या घरातलं आहे, आपण कशाला बोलायचं? भाऊजी इतके संकोचले होते त्या दिवशी. मी चाळणी ठेवली आणि निघालेच."

पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आली होती, ती कुमुद उगाचच आत ढकलत राहिली.

"तू उखाणा घेतलास ना," नीता पुढे म्हणाली, "तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, भाऊजींनी आता मनावर घेणं सोडलेलं दिसतंय. त्यांना विचारूनच घेतला असशील."

"हो," कुमुद म्हणाली. जीभ अशी सहज खोटं बोलून मोकळी झाली. नीताने चहाला वर बोलावलं, पण तिने ऑफिसचं काहीतरी कारण सांगितलं. रविवारी कसलं ऑफिस, हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. नीताच्याही आलं असावं.

घरी न जाता ती तिथेच एका खांबाआड बसून राहिली. पलीकडे चिनी म्हातारे पट मांडून बसले होते. त्यांच्यातलं कुणी तिला ओळखत नव्हतं हे बरं होतं, कारण तिचा चेहरा पेटल्यासारखा झाला होता.

तिला सुचित्राची बैठक आठवत होती. आत्तापर्यंत तिने ती हवी तिथपर्यंतच आठवली होती: उखाणा, हशा, टाळ्या. त्याच्या पुढचं ती टाळत आली होती. हसता हसता सुचित्राने डोळे पुसले होते आणि म्हणाली होती, "पुन्हा घे गं, पुन्हा घे, मेधा आत होती, तिनं ऐकलं नाही!" आणि कुमुदने पुन्हा घेतलं होतं. या खेपेला हाताने हवेत लाटणं फिरवत, मान एका बाजूला कलती करून. बहिऱ्या कानाचा माणूस कलती करतो तशी. ते कुणी तिला करायला सांगितलं नव्हतं. पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला होता, आणि तिला तो आवडला होता. त्या सगळ्या कॉन्डोतल्या बायका आपल्या बाजूने हसताहेत, आपल्याला नाही, याचं तिला केवढं हायसं वाटलं होतं!

नीताचं तिने निमित्त केलं होतं. भीती होती ती स्वतःचीच. नवरा घरात आणि आपण नोकरीवर, ही गोष्ट उघडी पडली तर लोक आपल्याला काय म्हणतील, याची. म्हणून नवऱ्याला तिने पुढे केलं, स्वतः हसणाऱ्यांत जाऊन बसली.

ती वर आली तेव्हा पद्माकर ओट्याशी नव्हते. जेवण म्हणून टेबलावर हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपरीवरून आणलेल्या नूडल्सचे डबे होते, ईशा त्यातलंच खात होती. पद्माकर समोर बसले होते, डबा न उघडता.

"नीता कुणालाच बोलली नव्हती," कुमुद म्हणाली.

"हं."

ते मान वळवून ऐकत नव्हते. ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली.

"तिने नव्हतं सांगितलं. मीच घाबरले. त्या आपल्याला हसतील म्हणून आधी मीच हसले. आणि तुमची नक्कलही केली. मान अशी करून."

ईशाच्या नूडल्सच्या काड्या हातातच राहिल्या. "आई! यू डिडन्ट."

नकलेचं पद्माकरना ठाऊक नव्हतं. दुकानातल्या माणसांनी निदान तेवढं झाकलं होतं. त्यांची मान नेहमीच्या सवयीने किंचित कलली होती. ते त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी ती सरळ केली.

"मी सुचित्राकडे जाते," कुमुद घाईघाईने म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं."

"नको. माझ्याबद्दल तू आता कुणालाही काही सांगायचं नाही. चांगलंही नाही."

"मग काय करू?"

त्यांनी डबा उघडला, काड्या बाजूला ठेवल्या आणि ईशाकडे चमचा मागितला.

"एजंटला मघाशी फोन केला. मंगळवारी टग सुटतोय, मी त्यावर जातोय. सहा महिन्यांचा करार आहे. जेवा आता."