गावाच्या आठवणीने रडणारा मंत्री

फ्रान्समधल्या एका लहान गावात मी वर्षभर राहिले. तिथल्या दफनभूमीत एक वृद्ध गृहस्थ एका माजी मंत्र्याच्या कबरीवर फुलं ठेवत होते. दुसऱ्या महायुद्धात हा मंत्री जर्मनांना सामील झाला, आपलीच माणसं त्यांच्या हवाली केली आणि जर्मन हरल्यावर स्पेनला पळाला. तिथेच म्हातारा होऊन अंथरुणात मेला; पुरायला मात्र त्याला इथे, त्याच्या गावी आणलं.

“शेवटपर्यंत गावाच्या आठवणीने रडायचे ते,” गृहस्थ हळहळले.

माझ्यासोबत आलेल्या घरमालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, “माझ्या भावाला त्यांनीच धरून दिलं. तो कुठे मेला, हेही आम्हाला कळलं नाही. मी फुलं कुठे ठेवू?”

गृहस्थ निघून गेले.

त्या रडण्याची मला आजही चीड येते. ज्यांना त्याने मरायला धाडलं, त्यांनाही गाव आठवलंच असेल की.