स्पेनच्या राखणदाराला गाऱ्हाणं

शेजारचे मालवणी काका एका जागी टेकतील तर शपथ. लालबागच्या आमच्या चाळीत कोणाची परीक्षा असो की नवी स्कूटर, नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालायला हेच पुढे.

मी एका सेमिस्टरसाठी स्पॅनिश शिकायला स्पेनला निघाले, तर तगमग त्यांचीच. "थंयचो राखणदार देव कोण गो?" रोज तेच. मला काय माहीत!

निघायच्या सकाळी गॅलरीत गाऱ्हाणं झालंच. "थंयच्या राखणदारा, तू जो कोण असशीत तो, ह्या चेडवाक सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीसुद्धा.

"शिकान झाला की परत घराक धाड!"

तिकडेच राहायचं मी कोणाला न सांगता ठरवलं होतं. माझे ओठ हलले नाहीत. काकांनी नारळ खाली ठेवला नाही. माझ्याकडे बघत तीच ओळ पुन्हा म्हटली.